वेंडल क्रॉसिंगची गाडी

तपासणीवाले आले की नसरुद्दीनने दुकानातून नाहीसं व्हायचं, असं ठरलेलं होतं.

राबिघच्या हमरस्त्यावर, जिथं जेद्द्याकडून यानबूला जाणारे ट्रक दम खायला थांबतात, तिथं ते सुट्या भागांचं दुकान. नसरुद्दीन त्यात जवान असताना शिरला आणि गुडघे दुखायला लागेपर्यंत गल्ल्यामागे उभा राहिला. मग कायदा आला. असल्या दुकानांत गिऱ्हाइकापुढे सौदी माणूसच पाहिजे. त्याच्या जामीनदार मालकाने, कफीलने, आपला धाकटा मुलगा उसामा आणून गल्ल्यामागे बसवला आणि नसरुद्दीनच्या इकाम्यावरचा, म्हणजे राहण्याच्या परवान्यावरचा, पेशा बदलून ‘हमाल’ लिहून घेतला. हमालाला गल्ल्याजवळ उभं राहायची मुभा नव्हती. गोदामात, रेडिएटरांच्या खोक्यांमध्ये बसायची होती.

त्या दिवशी तो असाच बसला होता. डोक्यावर पत्रा तापलेला, समुद्राकडून येणारी दमट हवा गोदामात शिरून मुरलेली. बनियन पाठीला चिकटलं होतं. खोक्यांची धूळ नाकात गेली आणि शिंक आली, ती त्याने नाक दाबून डोळ्यांतून बाहेर काढली. बाहेर दोन तपासनीस. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं आणि उसामाने सवयीने मागे वळून हाक मारली, "नासिर! हायलक्सची क्लच प्लेट कुठं ठेवलीस?"

नसरुद्दीन खोक्यांमागे आणखी खाली सरकला.

"नासिर कोण?" तपासनिसाने विचारलं.

"मांजर," उसामा म्हणाला. "आमचं मांजर आहे."

"मांजराला क्लच प्लेट कळते?"

"आमच्या मांजराला कळते."

तपासनीस हसले. चहा पिऊन गेले. त्यानंतर उसामा स्वतः चहाचा पेला घेऊन गोदामात आला, मान खाली घालून. पोरगा वाईट नव्हता. वाईट असता तर नसरुद्दीनला सोपं गेलं असतं. "बाबा म्हणतो," तो अरबीत म्हणाला, "हिवाळ्यापर्यंत. तुझा इकामा पुढं नाही होणार. मग खलास." नसरुद्दीनने चहा घेतला. साखर जास्त होती, म्हणजे पोराला खरंच वाईट वाटलं होतं.

घर गावाच्या जुन्या भागात होतं. एक भिंत, एक दार, आत दोन बिऱ्हाडं. नसरुद्दीन आणि रफीक साडू. रफीकची बायको रईसा थोरली, नसरुद्दीनची शरफुन्निसा धाकटी. दोघी रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या एकाच घरातल्या. परदेशी कुटुंबांवर माणसामागे कर लागू झाला तशी दोन भाडी परवडेनात, म्हणून भिंती एक झाल्या आणि स्वयंपाकघरही एकच. त्या स्वयंपाकघरात दोघी बहिणी रिफायनरीतल्या एकट्या राहणाऱ्या इंजिनिअरांचे डबे करत. सकाळी तांदळाच्या पिठाची उकड काढायची, गरम गरमच मळायची. शरफूच्या तळव्यांची कातडी त्यात उकडून निघून परत आली होती. ती मळे, रईसा थापे. हे असं चाललं होतं, आणि त्यात दोघी एकमेकींना सगळं सांगत. निदान तसं दोघींना वाटत होतं.

फक्त कॅनडाचं सांगितलं नव्हतं.

हे आपल्या लोकांत नवं नाही. बाहेरदेशी जायचं असलं तर शिक्का बसेपर्यंत कुणाला कळू द्यायचं नाही, नाहीतर नजर लागते. राबिघमधलाच एक जण ताइफला मध आणायला जातो म्हणून गेला आणि पुढच्या महिन्यात बर्फात उभं राहून काढलेला फोटो पाठवला. कुणालाच राग आला नाही. जो तो मनात म्हणाला, बरोबर केलं, मीही असंच केलं असतं. विश्वास नसणं ही तिथं शिस्त होती.

नसरुद्दीनने जे शहर धरलं होतं त्याचं नाव वेंडल क्रॉसिंग. टोरोंटोच्या उत्तरेला, दिवसभराच्या वाटेवर. कॅनडाने लहान शहरांसाठी नवी योजना काढली होती. तिथल्या कुणी नोकरी द्यायची, शहराच्या समितीने माणसाची मुलाखत घेऊन शिफारस करायची. वेंडल क्रॉसिंगच्या हमरस्त्यावर ट्रकांचं एक मोठं गॅरेज होतं आणि त्यांना सुट्या भागांच्या गल्ल्यावर माणूस हवा होता. नसरुद्दीनने हे दोनदा वाचलं. सगळ्या दुनियेत एक गल्ला होता, ज्याच्यामागे तो उघड उभा राहू शकत होता.

समितीला माणूस पळपुटा नको होता. म्हणून शहराची माहिती विचारत. ती माहिती शिकवायला होती अरवा, नसरुद्दीनची मुलगी, सातवीतली. शाळेतून आली की बापाला गाडीत बसवायची, काचा वर, एसी चालू, म्हणजे आवाज मावशीच्या कानावर जायला नको.

"शहर कशामुळे झालं, अब्बा?"

"पुलामुळे."

"पूरा जवाब."

"नदीतून लाकूड वाहून न्यायचे. मग रेल्वेने नदीवर पूल बांधला. पूल बांधायला आलेले मजूर तिथंच राह्यले. स्टेशन झालं, मग लाकडाची गिरणी, मग शाळा, मग शहर."

"और उनसे पहले?"

"मूळचे लोक होते. त्यांच्याबद्दल दोनच ओळी हायत."

"वो भी बोलना है."

"दोन ओळीत काय बोलू? होते, म्हणून बोलेन."

गिरणी कधी बंद पडली, मालगाड्या अजून कुठून कुठं जातात, हमरस्ता कोणत्या बाजूने शहराला चाटून जातो, बस कुठं थांबते, विमानतळावर केवढं विमान उतरतं, सगळं त्याला येऊ लागलं. कधीकधी त्याला वाटे, हे तर राबिघच आहे. मोठ्या गावांच्या मधलं, जाणाऱ्या-येणाऱ्यांवर जगणारं. फरक एवढाच की तिकडं पत्रा तापत नाही, गोठतो.

पहिला संशय शरफूला आला. जेद्द्याच्या बलद बाजारातून आणलेली एक पिशवी रईसाच्या पलंगाखाली सापडली. आत जाड लोकरीचे मोजे.

"आपा, हे कुणाला?"

"गावाला पाठवायचेत. मामूंना."

"मामू तर बारा महिने लुंगीवर असतात."

"म्हातारपण आलं. पाय गार पडतात," रईसा म्हणाली आणि भाकरी जरा जोरातच थापली.

मग रफीक एकदा जेवताना म्हणाला, "थंडीत डिझेल गोठतं म्हणतात. कितपत खरं?" रफीक ट्रकांचा मेकॅनिक. इथं डिझेल गोठायचं तर आधी समुद्र गोठायला हवा. नसरुद्दीनने माशाचा काटा तोंडातून काढता काढता साडूकडे पाहिलं. याला कुणी सांगितलं? अरवाने? की गाडीच्या काचेला कान लावतो?

पुढच्या शुक्रवारी तर कहर झाला. नसरुद्दीन श्रीकांतकडे चालला होता. श्रीकांत नाशिकचा, रिफायनरीत इंजिनिअर, डब्याचं जुनं गिऱ्हाईक; कर वाढल्यावर बायको सुनीताला नाशिकला पाठवून एकटा राहत होता. नसरुद्दीनचा अर्ज त्यानेच भरला होता आणि कुणाला सांगणार नाही अशी गणपतीची शपथ घेतली होती. त्याच्या दाराशी रफीकची पिकअप उभी होती. नसरुद्दीन कोपऱ्यावरूनच मागे फिरला. म्हणजे हा आपला अर्ज खणून काढायला आलाय.

श्रीकांत बिचारा आत रफीकचा अर्ज भरत होता. त्याच शहराचा, त्याच गॅरेजचा, मेकॅनिकच्या जागेचा. आणि रफीकने त्याला आईची शपथ घातली होती. दोन शपथा पोटात ठेवून माणूस काय बोलणार? तो डबा घ्यायला आला की भाजीचं कौतुक करायचा आणि लगबगीने निघून जायचा. दोघी बहिणींना वाटलं, याचं पोट बिघडलंय.

दोन्ही बिऱ्हाडं आता गावी परत जायचं म्हणत, आणि घरात जेवताना खोटं बोलायची शर्यत लागली.

"मग गावाला जाऊन करणार काय तू?" रफीक विचारी.

"होडी घेईन."

"तुला पोहता कुठं येतंय, नसरू?"

"होडीत बसायचंय, रफीकभाई, खाली कशाला उतरू? आणि तुम्ही?"

"कोंबड्या पाळीन. गावठी."

कोंबडी अंगणात आली तर खाटेवर चढणारी रईसा ताटात बघत राहिली. दोन्ही साडवांनी एकमेकांना अजून एकेक तुकडा मासा वाढला.

नसरुद्दीनची मुलाखत शनिवारी दुपारी आली, तिकडं सकाळ. इंटरनेट घरात एकाच ठिकाणी नीट चाले, स्वयंपाकघरात, फ्रिजपाशी. शरफूने युक्ती काढली. मक्का-मदिनेची नवी वेगवान रेल्वे राबिघजवळून जात होती. "आपा, तुम्ही दोघं गाडी बघून या की," ती म्हणाली. "अरवालापण न्या. मला डोकं दुखतंय." रईसाने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं, पण गेली.

पडद्यावर मार्गारेटबाई आल्या. पांढरे केस, जाड चष्मा, समितीच्या प्रमुख. इंग्रजी सावकाश बोलत. नसरुद्दीनने पूल सांगितला, मजूर सांगितले, मूळचे लोक होते हेही सांगितलं. बाई लिहीत होत्या.

"टोरोंटोच्या विमानतळावरून आमच्याकडे कसे याल?"

"बसने, मॅडम. माणसांची गाडी बंद झाली तुमची. मालगाडी जाते, पण ती मला घेणार नाही."

बाईंनी लेखणी खाली ठेवली. चेहरा एकदम सैलावला. "तुम्हाला माहिती आहे, बाहेरचा प्रत्येक माणूस मला सांगतो की तुमची रेल्वे फार छान आहे," त्या म्हणाल्या. "एजंट जुनी माहिती पाठ करून घेतात. ती गाडी गेली तेव्हा अर्धं शहर फलाटावर रडलं होतं. जो ‘गाडी आहे’ म्हणतो त्याला आम्ही तिथंच खोडतो."

नसरुद्दीनला गल्ला दिसायला लागला. लाकडाचा, रुंद, त्याच्यामागे तो, पूर्ण बाह्यांचा सदरा घालून.

"आता शेवटचं. आमच्या शहरासाठी अर्ज केलेलं कुणी ओळखीचं आहे?"

"नाही, मॅडम."

"नक्की?"

"कुणीच नाही." हे त्याने पाठ केलेलं नव्हतं, ते रक्तातच होतं.

बाई जरा पुढे वाकल्या. "तुमच्या मागे फ्रिज आहे. त्यावर कोळंबीच्या आकाराचं लोहचुंबक आहे. मंगळवारी एक गृहस्थ याच फ्रिजपुढे बसले होते. त्यांनाही कुणी ओळखीचं नव्हतं. हे कुणाचं ऑफिस आहे? इथं माणसं एकामागून एक बसवतात का?"

नसरुद्दीनने मागे वळून कोळंबीकडे पाहिलं. जणू ती काही सांगेल.

"ते... माझ्या बायकोच्या बहिणीचा नवरा. इथंच राहतात. आमचं एकच घर आहे."

"मग ओळखत नाही असं का म्हणालात?"

नदी, पूल, गिरणी, बस, सगळ्याची उत्तरं होती. त्याने पुन्हा पुलापासून सुरुवात केली. "तुम्ही दोघांनी सांगितलं असतं तर बरं होतं," बाई म्हणाल्या. "एकटी आलेली माणसं दुसऱ्या हिवाळ्यात टोरोंटोला पळतात. नातलग असले की थांबतात. कळवू आम्ही." पडदा काळा झाला.

संध्याकाळ व्हायच्या आत मंडळी परतली. शरफू दारातच उभी होती.

"आपा, मंगळवारी मला बलदला कापड आणायला का पाठवलंस?"

रईसाने चप्पल काढली, नीट जोडून ठेवली. "आणि तू आम्हाला आज गाडी बघायला का पाठवलंस?"

अरवा सगळ्यांच्या तोंडाकडे बघून आत गेली. शेवटी नसरुद्दीननेच विचारलं, "कशी होती गाडी?"

"लांब होती," रफीक म्हणाला.

मग भांडण झालं. कुणी कुणापासून आधी लपवलं यावरून झालं, मोज्यांवरून झालं, बारशाच्या वेळच्या एका वाटीवरूनही झालं. दुसऱ्या दिवसापासून शरफू मळून परात सरकवे आणि रईसा न बघता थापे. भाकऱ्या जाड व्हायला लागल्या. डबे अर्धे परत यायला लागले.

रिकामा डबा घेऊन श्रीकांत आला तो परत गेलाच नाही. चौघांना फ्रिजसमोर बसवलं. "माझं ऐका," तो म्हणाला. "दोन शपथा मोडतोय, जे व्हायचं ते माझं होऊ दे. त्या बाईंना मी पत्र लिहितो. हे एजंटबिजंट काही नाहीत, एका चुलीवरचे दोन घुमे आहेत, असं. आणि तुम्ही चौघं एकत्र बोला त्यांच्याशी."

"तुला दोन्हीकडचं माहीत होतं?" रफीक म्हणाला.

"हो."

"आणि तू आमचं जेवत होतास!"

"भूक लागते, रफीकभाई."

पत्र गेलं आणि मार्गारेटबाई पुन्हा पडद्यावर आल्या, पण वकिलासारख्या. एकाला बाहेर पाठवायच्या आणि दुसऱ्याला त्याच्याबद्दल विचारायच्या. रफीकची कोणती दाढ दुखते, नसरुद्दीन कुठल्या कुशीवर झोपतो, रईसा कशाला घाबरते. सगळं जुळलं. एकमेकांच्या खोकल्यावरून ताप ओळखणारी माणसं ती. फक्त जायचं कुठं तेवढंच ठाऊक नव्हतं. बाई शेवटी हसल्या. मग म्हणाल्या, "मला पटलं. पण मधल्या दिवसांत गॅरेजने गल्ल्यावरची जागा दुसऱ्याला दिली. मेकॅनिकची आहे. मिस्टर रफीक, शहराबद्दल तुम्ही मागच्या वेळी फार कच्चे होतात. सोमवारी पूर्ण समितीपुढे पुन्हा या."

शरफू उठली आणि गॅसवर काही नसताना गॅस पेटवला.

रफीक म्हणाला, "नसरू..."

"मुबारक हो," नसरुद्दीन म्हणाला आणि दुकानात गेला. त्या दिवशी तपासणी नव्हती तरी तो खोक्यांमध्ये जाऊन बसला. उसामाने हाक मारली नाही.

शनिवारी दुपारी रफीकचा निरोप आला, जरा माझ्या गॅरेजवर ये. शरफू म्हणाली, "जाऊ नका. पढवून घ्यायला बोलावलंय. आपली जागा गेली ती गेली, वर शिकवणी पण द्यायची?" नसरुद्दीन गेला. का गेला ते त्याला सांगता आलं नसतं. घरात बसून शरफूचं तोंड बघायचं नव्हतं, हेही एक कारण असेल.

रफीक एका ट्रेलरखाली पुठ्ठ्यावर पाठ टेकून होता, फक्त पाय बाहेर. ग्रीसचा आणि तापल्या रबराचा वास. नसरुद्दीन शेजारच्या टायरवर बसला.

"माझ्या डोक्यात राहत नाय ते," खालून आवाज आला. "हातात राहतं सगळं, डोक्यात नाय. तू जरा सांग."

नसरुद्दीनने पूल सांगितला. ट्रेलरखालून फोनचा उजेड दिसला, आणि काळ्या ग्रीसचं बोट पडद्यावर सरकताना दिसलं. पडताळून पाहत होता. नसरुद्दीनने गिरणी सांगितली. पुन्हा उजेड.

"बघा, बघा," नसरुद्दीन म्हणाला. "नीट बघून घ्या."

"तसं नाय रे, स्पेलिंग बघतोय."

"उत्तर तोंडी द्यायचंय, रफीकभाई."

रफीक ओशाळून हसला. फोन बाहेर काढून पुठ्ठ्याच्या कडेला ठेवला, हात चिंधीला पुसले. "बरं, नाय बघत. टोरोंटोहून यायचं कसं?"

हमरस्त्यावरून यानबूकडे जाणारा एक ट्रक गेला. टायर थरथरला. नसरुद्दीन त्या फोनकडे बघत होता.

"गाडीनं," तो म्हणाला. "रेल्वे हाय ना. फार छान रेल्वे हाय त्यांची. तसं सांगा, खूष होतील."

"टोरोंटोहून थेट?"

"थेट."

फोन तिथंच पडून राहिला. "टोरोंटोहून थेट गाडी," रफीक खाली घोकायला लागला, शाळेतल्या पोरासारखा. "फार छान रेल्वे. टोरोंटोहून थेट." मधेच पाना मागितला, नसरुद्दीनने दिला. तेरा नंबरचा मागितला होता, तोच दिला.

तो मनाशी मांडत बसला. कुणाला कळणार नव्हतं. समिती खोडेल, रफीकला वाटेल आपण कच्चे पडलो. जागा काही इकडे वळणार नव्हती. होडी आणि कोंबड्या दोन्ही एकाच वाडीत येतील, एवढंच. शरफू आणि रईसा पुन्हा एका परातीवर. ते काही वाईट नव्हतं. ते चांगलंच होतं म्हणायचं. त्याने दोन्ही बाजू पुन्हा तपासल्या. कुठंतरी काहीतरी जुळत नव्हतं.

"थेट गाडी," खालून आवाज. "हे बरं सोपं हाय, नसरू. हे राहिलं डोक्यात."

नसरुद्दीन उठला. फाटकापर्यंत गेला. बाहेर ऊन रस्त्यावर पसरलं होतं आणि मीठ लागल्यासारखं ओठांवर लागत होतं. तो परत आला आणि ट्रेलरपाशी उकिडवा बसला, गुडघे वाजले.

"रफीकभाई, ती गाडी बंद झाली."

घोकणं थांबलं. पाना थांबला. ट्रेलरखालून रफीकचं तोंड बाहेर आलं, कपाळावर ग्रीस.

"कधी?"

"लय वर्षं झाली."

"मग मघाशी?"

"मघाशी चालू होती."

रफीक त्याच्याकडे बघत राहिला, इतका वेळ की घाम डोळ्यात गेला आणि तरी त्याने तो पुसला नाही. मग हात फोनकडे गेला. उचलला. नसरुद्दीनने नजर हलवली नाही. रफीकने फोन उलटा केला आणि पडदा पुठ्ठ्याला लावून ठेवला.

"बरं," तो म्हणाला. "मग जायचं कशानं?"

"बसनं," नसरुद्दीन म्हणाला. "खरंच बसनं."